तारवाँ : फ्रेंचच्या वळणावर रचलेल्या भाषेचं व्याकरण (चुका काढा)

अर्धस्वर (धागाकर्ता)

गेले सात-आठ महिने रोज रात्रीचा तासभर एका उद्योगात जातोय. स्वतःची एक भाषा रचतोय. नाव तारवाँ. ती कुठल्या कथेसाठी किंवा खेळासाठी नाही. लोक शब्दकोडी सोडवतात ना, तसंच हे.

फ्रेंचचंच वळण का, तर फ्रेंच शिकताना एक गोष्ट डोक्यात घर करून बसली. ‘बोलणे’ या क्रियापदाची वर्तमानकाळातली रूपं घ्या. मी, तू, तो आणि ते, या चौघांचा उच्चार एकच : ‘पार्ल’. लिहिताना मात्र ‘तू’ला शेवटी एक मुका स, ‘ते’ला शेवटी मुका न आणि त. कानाला वेगळी कळतात ती फक्त ‘आम्ही’ (पार्लों) आणि ‘तुम्ही’ (पार्ले). म्हणजे लिहिणाऱ्याचं व्याकरण एक आणि बोलणाऱ्याचं दुसरं. हा वेडेपणा मला हवा होता.

पहिल्या वहीत मी तो फुकटात मिळवायला गेलो. मनाला येईल तिथे मुकी अक्षरं पेरली, नाकातले स्वर शिंपडले. महिन्याभराने वही उघडली तर कुठे कुठलं मुकं अक्षर आहे ते मलाच आठवेना. पाठ करण्यासारखं त्यात काही कारणच नव्हतं. ती वही टाकली.

आता उलटा निघालोय. आधी एक आईभाषा रचली, ‘जुनी तारवान’. ती सरळ, धडधडीत, सगळी अक्षरं खणखणीत वाजणारी. मग तिच्यावर झीज चालवली. ताण, म्हणजे बोलताना पडणारा जोर, कायम शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे एका स्वराभोवतीचा शब्दाचा तुकडा). ताणाच्या पुढचे स्वर झडतात; ‘आ’ तेवढा पुसट होऊन थोडा तगतो आणि आपल्या आधीच्या व्यंजनाला वाचवून मग जातो. शेवटी उरलेले न आणि म मागच्या स्वराला नाकात ओढतात आणि स्वतः जातात. शेवटचे स आणि त मुके. दोन स्वरांमधला त गळतो (लॅटिन ‘व्हीता’ म्हणजे आयुष्य, त्याचं फ्रेंचमध्ये ‘व्ही’ झालं). आणि ‘आ’च्या आधीचा क ‘श’ होतो, हा तर फ्रेंचचा अगदी ठेवणीतला बदल : लॅटिन ‘काबाल्लुस’चा ‘शव्हाल’ झाला, म्हणजे घोडा, आणि ‘काम्पुस’चं ‘शाँ’, म्हणजे शेत.

क्रियापद ‘गोल-’, अर्थ जाणणे. आईभाषेत : गोलो, गोलास, गोलात, गोलामोन, गोलातेस, गोलान. झिजल्यावर : गोल, गोल, गोल, गोलाँ, गोला, गोल. चार एकसारखी आणि दोन वेगळी, अगदी हवी तशी, आणि यातलं एकही मी हाताने बसवलेलं नाही! गोलामोन आणि गोलातेसमध्ये ताण ‘ला’वर पडतो म्हणून तेवढी वाचली. त्या रात्री मला झोप आली नाही.

नामाचा नमुना : आईभाषेत ‘कालूस’ म्हणजे घर. तारवाँमध्ये शालू. (हो, शालू. हसून घ्या.)

व्याकरण तपासून द्या. पिसं काढलीत तरी चालेल.

मुक्ता_

वाचनखूण साठवली. शालूत राहणारे लोक आवडले.

कानामात्रा

धागा आवडला म्हणूनच पिसं काढतो.

तुमचाच नियम : ताण शेवटून दुसऱ्या अवयवावर. का-लूस. ताण ‘का’वर. मग ‘लूस’मधला ऊ झडला पाहिजे आणि स मुका झाला पाहिजे. उरतं काय? शाल.

दुसरं, भाषेचं नावच तुमच्या कायद्यात बसत नाही. तार-वान. ताण ‘तार’वर, ‘वान’ उडणार. तुमच्या भाषेचं नाव ‘तार्व’ व्हायला हवं. तारवाँ नव्हे.

अर्धस्वर

मेलो.

शालूची शाल झाली, मान्य. नावाबद्दल अर्धा तास कपाळाला हात लावून बसलो होतो, पण त्यातून एक घबाड हाती लागलं. आईभाषेतला मूळ शब्द ‘तारवानू’ धरला तर ताण ‘वा’वर, ऊ झडतो, न नाकात जातो : तारवाँ. आणि स्त्रीलिंगी ‘तारवाना’ धरला तर पुसट ‘आ’ न ला वाचवतो : तारवान. म्हणजे पुल्लिंगी नाकात, स्त्रीलिंगी व्यंजनासकट. फ्रेंचमध्ये हुबेहूब हेच आहे! ‘चांगला’ म्हणजे बों, ‘चांगली’ म्हणजे बॉन. ‘लहान’ पुल्लिंगी पती, स्त्रीलिंगी पतीत. मी हे ठरवून आणायला गेलो असतो तर एक मोठा तक्ता लागला असता. आता दोन मूळ प्रत्यय पुरतात, ऊ आणि आ.

जुना-जुनी यासाठी ‘लोवानू, लोवाना’ असे शब्द होतेच. ते झाले लोवाँ आणि लोवान.

सोळा_नियम

कौतुक आहेच, पण मुळातच शंका विचारतो. भाषा नव्याने रचायची संधी मिळाल्यावर माणूस मुद्दाम अपवाद का रचेल? झामेनहॉफने १८८७ मध्ये एस्पेरांतो मांडली ती १६ नियमांत. नामं ओ-कारान्त, विशेषणं आ-कारान्त, वर्तमानाला ‘आस’, भूताला ‘ईस’, भविष्याला ‘ओस’. संपलं. एकही अनियमित क्रियापद नाही. नामांना व्याकरणातलं लिंग नाही. फ्रेंच शिकणाऱ्याचे हाल ज्याने भोगलेत त्याने तेच हाल पुन्हा का जन्माला घालावेत?

आणि ही ओढ फ्रेंचांनाही होतीच. तत्त्वज्ञ देकार्तने २० नोव्हेंबर १६२९ च्या पत्रात मेर्सेन या मित्राला लिहिलंय की क्रियापद चालवायची एकच रीत, नाम चालवायची एकच रीत, अनियमित काही नाही, अशी भाषा करता येईल. कारण या अनियमित गोष्टी म्हणजे वापरातून शिरलेली बिघाडी.

जुनी_प्रत

@सोळा_नियम, देकार्तचा दाखला तुम्ही दिलात, पण तो धागाकर्त्याच्या बाजूने जातो. अनियमितपणा वापराने येतो हे देकार्तला दिसलं होतं. त्याला तो पुसायचा होता, यांना तो घडवायचा आहे. दोघांचं निदान एकच आहे. एस्पेरांतो परक्या माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून केलेली. इथे काम वेगळं आहे : हजार वर्षं वापरून गुळगुळीत झालेल्या पायरीसारखी दिसेल अशी भाषा करायची. नव्या पायरीवर मुद्दाम खड्डे पाडले तर ते खड्डेच दिसतात. पहिल्या वहीचं तेच झालं.

हा मार्ग आधी कुणी चोखाळला नाही असंही नाही. १९९६ पासूनची ब्रिथेनिग आहे : लॅटिनवर वेल्शचे ध्वनिबदल चालवले तर काय होईल, हे पाहणारी. तिथेही झीज आधी आणि शब्द मागून.

आता मूळ मुद्दा. धागाकर्त्याने क्रियापद छान झिजवलं, पण नाम एकाच रूपात घेतलं. फ्रेंचचं वळण हवं असेल तर नामाची गोष्ट सोडू नका, तिच्यात जास्त मजा आहे.

लॅटिनमध्ये विभक्त्या बऱ्याच. जुन्या फ्रेंचपर्यंत येता येता दोन उरल्या : एक कर्त्याची, एक बाकी सगळ्याची. दुसरीला आपण सरळ सामान्यरूप म्हणू, कारण ते तसंच आहे. ‘घोडा’ आणि ‘घोड्या-’. आता ‘भिंत’ या जुन्या फ्रेंच शब्दाची चार रूपं पाहा. एकवचनी कर्ता ‘मुर्स’, एकवचनी सामान्यरूप ‘मुर’. अनेकवचनी कर्ता ‘मुर’, अनेकवचनी सामान्यरूप ‘मुर्स’. म्हणजे स लावला की एकवचन की अनेकवचन, हे ती भिंत वाक्यात काय करतेय यावर अवलंबून. उलटसुलट वाटतं, पण कित्येक पिढ्या लोक असंच बोलत होते.

पुढे कर्त्याचं रूप गेलं आणि सामान्यरूप राहिलं. आपल्याकडे ‘घोडा’ हे रूप विसरून जावं आणि सगळ्यांनी ‘घोड्या आला, घोड्या पळाला’ म्हणावं, तसं. सामान्यरूपात एकवचनाला स नव्हता, अनेकवचनाला होता. बाकी काही उरलंच नाही, तेव्हा स म्हणजे अनेकवचन असं ठरून गेलं. फ्रेंचमधला अनेकवचनाचा स असा मागच्या दाराने आलाय.

आणि जाता जाता काही कर्तारूपं सांदीत अडकून राहिली. फ्रेंचमध्ये ‘ओं’ हे सर्वनाम आहे, ‘कुणीही माणूस’, ‘आपण सगळे’ अशा अर्थाचं. ते ‘माणूस’ या शब्दाचं जुनं कर्तारूप. आणि ‘ऑम’, म्हणजे खुद्द माणूस, हे त्याच शब्दाचं सामान्यरूप. एका शब्दाचे दोन तुकडे झाले आणि दोघांनी वेगळे संसार थाटले. ‘सीर’ आणि ‘सेन्यर’ (महाराज, स्वामी) ही जोडीसुद्धा तशीच. तारवाँमध्ये अशा दोन-तीन जोड्या ठेवा. जास्त नको. तीनच ठेवल्या तर वाचणारा आपणहून हळहळतो, तीस ठेवल्या की कंटाळतो.

अनुनासिक

‘घोड्या पळाला’. आता दिवसभर हेच डोक्यात.

अर्धस्वर

@जुनी_प्रत, दंडवत. रात्री बसून चार रूपं केली.

एकवचनी कर्ता कालूस, सामान्यरूप कालू. अनेकवचनी कर्ता कालू, सामान्यरूप कालूस. झीज झाल्यावर आणि कर्तारूप गेल्यावर : शाल, अनेकवचन शाल(स). कंसातलं अक्षर लिहायचं, म्हणायचं नाही.

पक्षी म्हणजे उरेतू. त गळला, ऊ झडला : उरे. अनेकवचन उरे(स).

उपपदाला (इंग्रजीतल्या ‘the’सारख्या शब्दाला) आईभाषेतलं ‘नो’ हे दर्शक सर्वनाम घेतलं, अनेकवचन ‘नोस’. उपपदाला स्वतःचा ताण नसतो, पुढच्या नामाला चिकटून ते झिजतं. एकवचनात झालं ‘न’, अनेकवचनात ‘नो(स)’. न शाल, नो शाल.

(पहिल्या मसुद्यात मी उपपद ‘ल’ आणि ‘ले’ असं ठेवलं होतं. ते वळण नव्हे, चोरी होती. वेळीच सुचलं म्हणून वाचलो.)

नवखा

मी या विषयात अगदी नवीन. एक बाळबोध प्रश्न : शाल आणि शाल(स) हे म्हणताना सारखंच, तर घर एक की अनेक हे ऐकणाऱ्याला कळतं कसं?

कानामात्रा

प्रश्न बाळबोध नाही, हाच गाभा आहे. उपपदावरून. फ्रेंच बोलताना अनेकवचन शेपटीत ऐकू येत नाही, डोक्यात ऐकू येतं. ‘ल’ की ‘ले’ एवढंच. क्रियापदाचंही तेच. चार रूपं एक झाली म्हटल्यावर सर्वनाम गाळायची सोय गेली. आपण ‘आलोच’ एवढं म्हणून मोकळे होतो, कारण कोण येणार ते शेवटच्या ‘लो’मध्ये आहे. फ्रेंचला ‘मी’ म्हणावंच लागतं. प्रत्यय झडले आणि त्यांची ड्यूटी पुढे उभ्या असलेल्या चिमुकल्या शब्दांवर आली.

पण मुके स अगदीच मेलेले नसतात. पुढे स्वर आला की उठून बसतात. ‘आमी’ म्हणजे मित्र. ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’. तो मधला झ म्हणजे अनेकवचनाचा जुना स. फ्रेंचमध्ये याला लिएझों म्हणतात.

शाळेत विसर्गसंधी घोकला असेल तर हे परकं वाटू नये. ‘निः’ एकटा असताना र कुठे दिसतो? पुढे ‘आशा’ आली की ‘निराशा’. ‘फळ’ आलं की ‘निष्फळ’. शब्दाच्या टोकाला एक व्यंजन दडलेलं असतं आणि शेजारी कोण येतंय ते पाहून बाहेर पडतं.

@अर्धस्वर, तेव्हा ‘नो(स)’ आणि उरे = नोझुरे. आणि एकवचनात ‘न’चा पुसट स्वर पुढच्या उ मध्ये बुडणार : नुरे. एक पक्षी नुरे, अनेक पक्षी नोझुरे. शाल मात्र न शाल, नो शाल.

अर्धस्वर

‘नुरे’! एक पक्षी आणि तोही नुरे. मराठी माझ्या मानगुटीवरून उतरायला तयार नाही.

जुनी_प्रत

लिएझोंचा विषय निघालाच आहे तर एक गाठ घालून ठेवा. फ्रेंचमध्ये काही शब्द स्वराने सुरू होत असूनही मागच्या मुक्या व्यंजनाला उठू देत नाहीत. ‘वीर’ म्हणजे एरो. अनेकवचन ‘ले एरो’, मध्ये फट. पण ‘वीरांगना’ म्हणजे एरोईन, तिचं अनेकवचन ‘लेझेरोईन’, फट नाही. दोन्ही लिहिताना ह ने सुरू होतात आणि दोन्हींत ह म्हणत नाहीत.

असे फट पाडणारे शब्द बरेचसे फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतून आलेले. कुऱ्हाड (आश), लाज (ओंत). त्यांचा ह एके काळी खरंच वाजत होता. म्हणजे ह गेला, पण त्याने अडवून ठेवलेली जागा राहिली.

तारवाँसाठी याचा अर्थ : एकट्या आईभाषेवर भागणार नाही. एखादी शेजारीण भाषा कल्पा. तिच्यातून लढाईचे, अवजारांचे वगैरे शंभर-दीडशे शब्द उसने घ्या, सगळे ह ने सुरू होणारे चालतील. मग तो ह पुसून टाका. झाला अपवाद तयार, आणि तो का आहे ते सांगताही येईल.

सोळा_नियम

सांगता येईल हो, पण शिकणाऱ्याला पाठच करावं लागेल ना!

जुनी_प्रत

लागेल. आपण ‘खुर्ची’ स्त्रीलिंगी आणि ‘टेबल’ नपुंसकलिंगी का ते कधी कुणाला विचारलं होतं? पाठ केलं, तेही न कळत. आणि आपल्याकडे तर तीन लिंगं. फ्रेंच दोनांवर भागवते.

अनुनासिक

नकाराबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

फ्रेंच नकार दोन तुकड्यांत असतो. क्रियापदाच्या आधी ‘न’, नंतर ‘पा’. यातला ‘पा’ म्हणजे मुळात पाऊल. ‘मी चालत नाही, एक पाऊलही’ असं ठासून सांगायला तो लागायचा. अशी इतरही ठासणारी नामं होती : पोळीचा-पावाचा कण म्हणजे ‘मी’, थेंब म्हणजे ‘गूत’, टिंब म्हणजे ‘प्वँ’. ‘पीत नाही, थेंबही’ असं. हळूहळू ‘पा’ने सगळ्यांना मागे सारलं आणि पावलाचा अर्थ विसरून तो कुठल्याही क्रियापदामागे लागू लागला. आज बोलताना लोक पुढचा ‘न’ सर्रास गाळतात आणि नुसत्या ‘पा’वर नकार उभा राहतो. पाऊल या शब्दाचा ‘नाही’ झाला! भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सनने १९१७ मध्ये नकाराचं हे चक्र अनेक भाषांतून दाखवलं, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखतात.

आपल्याकडे साहित्य तयार आहे. ‘तीळमात्र नाही’, ‘कणभर नाही’, ‘काडीचीही अक्कल नाही’. कल्पना करा, ‘नाही’ गळून पडला आणि उरला तीळ. ‘मी उद्या तीळ येणार.’ म्हणजे येणार नाही.

तारवाँला कुठलं नाम घेताय?

अर्धस्वर

धागा. दुसरं काय!

आईभाषेत तोमानू. ताण ‘मा’वर, म्हणून तोमाँ. नकाराचा मूळ शब्द ‘नेग’, झिजून ‘ने’. ‘ने गोल तोमाँ’, शब्दशः ‘धागाभरही जाणत नाही’. लिहिताना ‘ने’ लिहायचा, बोलताना खायचा.

कानामात्रा

‘ने’ खायचा की नाही हे बोलणाऱ्यावर सोडा. ज्याला भाषण करायचंय तो म्हणेल, घरात कुणी म्हणणार नाही. तेवढ्याने भाषेला वरचा आणि खालचा सूर मिळतो. रचलेल्या भाषांत हा बहुतेक वेळा नसतोच. सगळे जण सतत समारंभात असल्यासारखे बोलतात.

मुक्ता_

लिहिण्याबद्दल एक विचारू? हे सगळं तुम्ही देवनागरीत कंस टाकून लिहिताय. कंस फार खटकतात. मुक्या अक्षरांचं काहीतरी करा.

जुनी_प्रत

आणि करताना हेही लक्षात घ्या की मुकी अक्षरं सगळी अवशेष नसतात, काही नंतर आणून पुरलेली असतात. फ्रेंचमध्ये बोट म्हणजे ‘द्वा’, लिहिताना त्यात मुका ग. जुन्या काळी लोक तो लिहीतही नव्हते. पुढे लेखनिकांना लॅटिन ‘दिगितुस’ आठवला आणि त्यांनी ग परत आणून बसवला. वीस म्हणजे ‘व्हँ’, त्यातला ग सुद्धा असाच.

माझा सगळ्यात लाडका शब्द मात्र ‘प्वा’, म्हणजे वजन. त्यात मुका द आहे. लेखनिकांना वाटलं की हा शब्द लॅटिन ‘पोंदुस’वरून आला, म्हणून द घातला. प्रत्यक्षात तो ‘पेन्सुम’वरून आलेला, त्यात द नाहीच. चुकीच्या बापाचं आडनाव लावलं आणि ते आजतागायत चालू आहे. तारवाँत असा निदान एक शब्द हवा.

उलटही झालंय. शब्दातला स बोलण्यातून जाऊन शतकं लोटली होती, तरी लिहीत होते. फ्रेंच अकादमीने (स्थापना १६३५, पहिला कोश १६९४) १७४० च्या आवृत्तीत असे स ढिगाने काढले आणि पुष्कळ ठिकाणी स्वरावर टोपी घातली. हॉस्पिटलमधला स इंग्रजीने ठेवला. फ्रेंच म्हणते ‘ओपिताल’ आणि ओ वर टोपी. ती टोपी म्हणजे गेलेल्या स ची खूण.

कानामात्रा

अवांतर : आपणही तेच केलं की. जुनी पुस्तकं उघडा, ‘नांव’, ‘पांच’, ‘त्यानें’, ‘कां’. ते अनुस्वार बोलण्यात कधीच मुके झाले होते, कागदावर टिकून होते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते पुसले. फ्रेंचांनी निदान टोपी तरी ठेवली.

मुक्ता_

मग टोपी कशाला, आपल्याकडे अवग्रह आहे! ऽ. संस्कृतात तो लोप पावलेल्या अ ची जागा दाखवतो. तारवाँत तो लोप पावलेल्या कुठल्याही व्यंजनाची जागा दाखवेल. अनेक घरं : शालऽ. अनेक पक्षी : उरेऽ. कंस गेले आणि शब्द दिसायलाही देखणा झाला.

अर्धस्वर

मुक्ता_, हे मला आठ महिन्यांत सुचलं नाही. तिसऱ्या वहीत लगेच बदल केला. ‘नोऽ उरेऽ’. वाचायचं नोझुरे.

सोळा_नियम

अवग्रह आवडला हे कबूल करतो. आता एकच विनंती, आकडे तरी सरळ ठेवा. नव्व्याण्णवला ‘चार-वीस-दहा-नऊ’ म्हणायची हौस नको.

अनुनासिक

बेल्जियम आणि स्वित्झर्लंडचे फ्रेंचभाषक नव्वदला ‘नोनाँत’ म्हणून सुटतात. तारवाँत दोन गावं दोन रिती ठेवा, भांडू देत. आणि ‘एकोणनव्वद’ म्हणणाऱ्यांनी कुणाला हसू नये, हलके घ्या.

जुनी_प्रत

शेवटचं एक आणि मग गप्प बसतो. भूतकाळ.

धागाकर्त्याने भूतकाळ अजून मांडलेला नाही. मांडताना फ्रेंचमधला हा तिढा बघा. ‘मी चिठ्ठी लिहिली’ याला फ्रेंच म्हणते ‘माझ्याकडे आहे लिहिलेलं चिठ्ठी’. ‘लिहिलेलं’ बदलत नाही : एक्री. पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ अशी रचना केली, म्हणजे चिठ्ठी आधी आली, की तेच ‘लिहिलेली’ होतं : एक्रीत. कर्म नंतर आलं तर विकार नाही, कर्म आधी आलं तर विकार. १६ व्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनकडे बोट दाखवत या नियमाची बाजू घेतली आणि तो पुढे फ्रेंच मुलांच्या मानगुटीवर बसला.

मराठी माणसाला याचं अर्धं फुकट येतं. आपण ‘मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं’ असं कर्मामागे क्रियापद नाचवतोच. लिहिणारा कोण याची त्याला फिकीर नसते. पण आपल्याकडे कर्म आधी आलं काय, नंतर आलं काय, फरक पडत नाही. ‘लिहिली मी चिठ्ठी’ म्हटलं तरी ‘लिहिली’च. फ्रेंचचा विकार जागेवर अवलंबून आहे. बोलणारा माणूस वाक्य पुढे ढकलत असतो. कर्म अजून तोंडातून बाहेरच पडलेलं नाही, तर त्याच्याशी जुळवून कोण घेणार? आधी येऊन गेलं असेल तर जुळवता येतं. मला तरी हे कारण पटतं.

अर्धस्वर

भूतकाळ आता असाच बांधतो. ‘जवळ असणे’ हे क्रियापद आणि धातुसाधित. भविष्यकाळालाही तेच क्रियापद वापरतो. लॅटिनमध्ये ‘गायचं आहे मला’ अशा अर्थाच्या दोन शब्दांपासून फ्रेंचचं एका शब्दाचं ‘शाँतरे’, म्हणजे गाईन, झालं हे माहीत होतं, पण माझ्या भाषेत मी भविष्याला हवेतून एक प्रत्यय लावून टाकला होता. तोही काढतो.

कानामात्रा

आणि पुढची पायरी रचायची असेल तर हैतीची क्रेओल (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोलभाषा) बघा. (ती कुणी बसून रचलेली नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कुणीतरी लिहील.) फ्रेंचमध्ये ‘लेझ्वाझो’ म्हणजे पक्षी, अनेकवचन. क्रेओलमध्ये पक्ष्याला ‘झ्वाझो’ म्हणतात, एक असला तरी. लिएझोंचा झ शब्दाला कायमचा चिकटला. मित्र म्हणजे ‘झाँमी’. आणि पाणी ‘द्लो’, त्यात फ्रेंच उपपदासकट सगळा लवाजमा आत गेलाय. मग उपपद आतच गेल्यामुळे नवं उपपद लागलं, ते नामाच्या मागे.

म्हणजे तुमच्या नातवंडांच्या तारवाँत पक्षी ‘झुरे’ असेल.

अर्धस्वर

‘झुरे’ चालेल. ‘नुरे’पेक्षा बरं.

आतापर्यंतचं सगळं एका वाक्यात बसवलं. ‘पक्ष्यांना जुनं घर माहीत नाही.’

आईभाषा (कर्तारूप गेल्यानंतरची) : नोस उरेतूस नेग गोलान तोमानू नो कालू लोवानू.
लेखी तारवाँ : नोऽ उरेऽ ने गोलऽ तोमाँ न शाल लोवाँ.
बोली : नोझुरे गोल तोमाँ न शाल लोवाँ.

कानामात्रा

दुरुस्त. माझ्याकडून पास.

एक शंका उरते. तोमाँ म्हणजे ‘नाही’ झाला, पण शिवणकामाचा धागाही तोमाँच ना? फ्रेंचमध्ये ‘पा’ अजून पाऊलही आहे.

अर्धस्वर

हो, पण त्या धाग्याला उपपद लागेल : न तोमाँ. नकाराला उपपद नाही.

नवखा

मग मला कुणीतरी ‘मला हा धागा कळला नाही’ याचं तारवाँ करून द्या. खरंच गरज आहे.

अर्धस्वर

‘कळणे’ अजून रचलेलं नाही, ‘जाणणे’वर भागवतो. ‘मी’साठी आईभाषेत एमू. ऊ झडला, म नाकात गेला, उरलं ‘एँ’.

एँ गोल तोमाँ न तोमाँ.

नवखा

एँ?

अर्धस्वर

‘मी’ काय? वाक्य पूर्ण करा.